वारशाने आलेले हृदय आणि प्रारब्धाचा प्रश्न

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार आहे. त्यात डाव्या निलयाची, म्हणजे सगळ्या शरीराकडे रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते, आणि या जाडीला वाढलेला रक्तदाब किंवा अरुंद झालेली झडप असे दुसरे कारण नसते. निरोगी प्रौढाची ही भिंत साधारण १२ मिलिमीटरच्या आत असते. ती १५ मिलिमीटर किंवा जास्त भरली, की डॉक्टरांना या आजाराचा संशय येतो. घरात कोणाला तो आधीच असेल तर १३ मिलिमीटरही पुरतात. दर ५०० माणसांत साधारण एकाला हा आजार असतो, म्हणजे तो फारसा दुर्मीळ नाही. अनेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना जिना चढताना दम लागतो, छातीत आवळल्यासारखे होते, भोवळ येते. थोड्या जणांच्या बाबतीत, आणि त्यांत चांगले धडधाकट तरुण खेळाडूही असतात, अचानक आलेला मृत्यू हेच पहिले लक्षण ठरते.

आजाराची आधुनिक ओळख १९५८ सालची. लंडनमधले न्यायवैद्यक शवचिकित्सक डोनाल्ड टीअर यांना अचानक दगावलेल्या तरुण माणसांच्या हृदयात दोन निलयांमधला पडदा विषम रीतीने जाड झालेला आढळला. आजार घराण्यांतून उतरतो हे पुढच्या काही वर्षांत दिसले, पण नेमके काय उतरते हे कळायला १९९० साल उजाडावे लागले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या एका मोठ्या फ्रेंच-भाषक कुटुंबाच्या अभ्यासातून बोस्टनमधल्या सायडमन दांपत्याच्या गटाने मायोसिन या प्रथिनाच्या जनुकातला बदल शोधून काढला. त्या लांबलचक प्रथिनातले ४०३ व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले होते. एवढ्याशा फरकाने पिढ्यानपिढ्या माणसे अकाली जात होती. त्यानंतर आणखी बरीच जनुके सापडली. त्यांतली बहुतेक स्नायूच्या आकुंचनाची यंत्रणा घडवणारी आहेत. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडे असा बदल असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नसतो, आणि पहिले मूल सुटले म्हणून दुसऱ्याचा धोका वाढत किंवा घटतही नाही.

मराठी घरात मूल जन्मले की पाचव्या रात्री, काही ठिकाणी सहाव्या, सटवाईची पूजा मांडतात. पाटा-वरवंटा ठेवतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते, ही त्यामागची समजूत. जनुकांच्या तपासणीचा अहवाल हाती पडलेल्या कुटुंबाला तो याच कागदासारखा वाटू लागतो: लिहिले गेले, आता भोगायचे. शाळेच्या पुस्तकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत डीएनएला अक्षरांचा मजकूर म्हणण्याची पद्धत रूढ झाल्याने ही समजूत आणखी घट्ट झाली आहे. प्रश्न असा की हा मजकूर खरोखर आयुष्याचा आहे का, आणि असला तर कितपत. त्याचे उत्तर कपाळात किंवा जनुकातच शोधून भागत नाही. जनुक आणि दुखणे यांच्यामध्ये काय घडते ते आधी पाहावे लागते, आणि या आजारात त्यातले बरेचसे हृदयाच्या अतिशय बारीक रक्तवाहिन्यांत घडते.

बदललेले प्रथिन स्नायूला दुबळे करत असेल असा सुरुवातीचा अंदाज होता. बहुतेक रुग्णांत उलटेच दिसते. मायोसिनचे जास्त रेणू एकाच वेळी कामाला लागतात, हृदय नेहमीपेक्षा जोराने आकुंचन पावते आणि मग सैल व्हायला वेळ लावते. प्रत्येक ठोक्याला इंधन जास्त जळते. दिवसाला लाखभर ठोके पडणाऱ्या अवयवात ही उधळपट्टी साचत जाते. पंपाची ताकद मोजली तर ती उत्तम भरते, प्रसंगी नेहमीपेक्षा चांगलीच. अडचण असते ती सैल होण्यात. कप्पा पुरेसा सैलावला नाही तर तो भरताना आतला दाब चढतो आणि तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो. रुग्णाला लागणारा दम बहुतांशी तिथून येतो.

हृदय सैल पडण्याला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. डाव्या निलयाच्या भिंतीला स्वतःसाठी लागणारे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातच मिळते, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायूच आपल्या पोटातल्या वाहिन्या दाबून टाकतो. शिवाय हा स्नायू विश्रांतीतही रक्तातला जवळपास तीन-चतुर्थांश प्राणवायू काढून घेतो. हाताच्या किंवा पायाच्या स्नायूला गरज वाढल्यावर त्याच रक्तातून जास्त प्राणवायू घेता येतो. हृदयाला ती सोय जवळजवळ नाही. त्याला जास्त प्राणवायू हवा तर जास्त रक्तच यावे लागते, आणि किती रक्त सोडायचे हे ठरते धमनिकांत, म्हणजे केशवाहिन्यांच्या आधीच्या सूक्ष्म धमन्यांत. निरोगी हृदयात गरजेच्या वेळी हा प्रवाह तीन-चार पट होऊ शकतो. या आजारात तो अनेकदा दुपटीच्या आसपासच अडतो.

अडण्याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. धमनिकांच्या भिंती जाड होतात आणि आतली पोकळी अरुंद होते. मृत रुग्णांच्या हृदयाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की हे सहज दिसते. स्नायूतंतू फुगतात, पण त्यांच्या प्रमाणात केशवाहिन्या वाढत नाहीत, त्यामुळे प्राणवायूला रक्तापासून तंतूच्या गाभ्यापर्यंत लांबचा पल्ला पडतो. सैल व्हायला वेळ लागत असल्याने मुळातच तोकडा असलेला विसावा आणखी आखडतो. नाडी वेगाने चालू लागली की तो पहिल्यांदा कापला जातो, म्हणून त्रास नेमका धावताना, घाईत किंवा भीतीने छाती धडधडताना होतो. सगळ्यात आधी उपाशी राहतो तो भिंतीचा आतला थर. वारंवार उपाशी राहिलेल्या जागी पेशी मरतात आणि तिथे जखमेच्या व्रणासारखे तंतुमय ऊतक भरते. पुढे हृदयाची लय बिघडवणारे विद्युत झटके बऱ्याचदा याच व्रणांच्या कडेने फिरतात. विशेष म्हणजे प्रवाहातली ही कमतरता केवळ जाड झालेल्या भागापुरती नसते. भिंतीचे जे भाग मोजमापात अगदी नेहमीचे दिसतात, तिथेही ती आढळते.

अशा रुग्णाच्या छातीत दुखते तेव्हा त्याची ॲंजिओग्राफी होते, आणि ती बहुधा स्वच्छ निघते. हृदयावरून जाणाऱ्या मोठ्या धमन्या मोकळ्या, कुठे चरबीची गाठ नाही, अडथळा नाही. रुग्णाला सांगितले जाते की हृदयात काही नाही, ताण घेऊ नका. खरे तर ॲंजिओग्राफीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या नीट दिसतच नाहीत, आणि या आजाराची सगळी खटपट त्याच्याही खालच्या पातळीवर चाललेली असते.

इथे भारतीय ज्ञानमीमांसेतला एक काटेकोर विचार कामी येतो. एखादी वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाही असे केव्हा म्हणावे? कुमारिल भट्टाच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण त्याला अट घातली योग्यतेची. वस्तू तिथे असती तर या साधनाने, या परिस्थितीत दिसलीच असती, असे म्हणता येत असेल तरच तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही. मिट्ट अंधारात दिसला नाही तर काहीच ठरत नाही. स्वच्छ ॲंजिओग्राफीवरून सूक्ष्म वाहिन्यांची बाधा नाकारणे म्हणजे योग्यतेची अट विसरणे. त्यासाठी वेगळे साधन लागते: पेट स्कॅनमध्ये किंवा विशेष पद्धतीच्या एमआरआयमध्ये औषधाने वाहिन्या रुंदावून स्नायूच्या प्रत्येक भागात किती रक्त पोचते ते मोजणे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरेन्समधल्या अभ्यासात अशा मोजणीनंतर ५१ रुग्णांवर सुमारे ८ वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांच्यात प्रवाह सगळ्यात कमी वाढला होता, त्यांच्यात मृत्यू आणि गंभीर बिघाड ठळकपणे जास्त होते. मोजणीच्या वेळी यांतल्या अनेकांना फारसा त्रासही नव्हता.

न दिसणाऱ्या वाहिन्यांचा हा पेच हृदयाच्या अभ्यासाइतकाच जुना आहे. विल्यम हार्वी याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले तेव्हा धमन्यांतून निघालेले रक्त शिरांत कसे शिरते हे त्याला दिसले नव्हते. काहीतरी वाट असलीच पाहिजे हे त्याचे अनुमान होते. मार्चेल्लो माल्पिगी याने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या, तोपर्यंत हार्वी हयात नव्हता. उपनिषदांत हृदयातून निघणाऱ्या, केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक नाड्यांचे वर्णन येते आणि आजची उत्साही मंडळी त्याला केशवाहिन्यांचा शोध ठरवून मोकळी होतात. तो दावा टिकणारा नाही. उपनिषदांतल्या त्या नाड्या स्वप्न, सुषुप्ती आणि मरणोत्तर गती यांचा उलगडा करण्यासाठी आल्या आहेत. त्यांचे मोल त्या चर्चेतच आहे, त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. कर्मविपाकाचे, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागते या विचाराचे, एक ठोकळेबाज रूप धर्मशास्त्रात आहे. शातातप स्मृतीसारख्या ग्रंथांत अमुक पापाचे फळ तमुक रोग अशा याद्या दिल्या आहेत आणि प्रायश्चित्तेही. लोकव्यवहारात या विचाराचा शिरकाव किती खोल आहे हे वेगळे सांगायला नको. तरुण पोर मैदानावर कोसळले की ‘कोणाचे भोग’ ही कुजबुज तेराव्यापर्यंतही थांबत नाही. आनुवंशिक आजाराने या हिशेबाची मोठी पंचाईत होते. कर्म ज्याचे त्याचे असते, हा त्या सिद्धांताचा कणा. जनुक मात्र घराण्याचे असते. भारतीय उपखंडातल्या लोकांत हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरे गळालेली आढळतात. २००९ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांच्या गटाने दाखवले की इथल्या साधारण शंभरातल्या चौघांकडे ही तूट आहे आणि ती हजारो वर्षांपूर्वीची आहे. मराठी घरेही अर्थातच याच लोकसमूहातली. नंतरच्या कामात हे चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले: एकटी ही तूट पहिल्यांदा वाटले तेवढी घातक नसावी आणि काही वाहकांत तिच्या जोडीने आलेला दुसरा बदल जास्त महत्त्वाचा असावा. कोट्यवधी माणसांत पसरलेली ही जुनी तूट कोणाच्या कोणत्या पापाची, असे विचारू लागले की त्या यादीतला फोलपणा आपोआप उघडा पडतो.

परंपरेतले शहाणे ग्रंथ या यादीवर कधीच समाधानी नव्हते. संयुत्तनिकायात मोलिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याचे काय? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, विषम आचरण, आघात अशी एकामागून एक कारणे मोजतो आणि कर्म शेवटी, आठवे म्हणून सांगतो. सगळे कर्मामुळेच असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगात मान्य असलेल्या सत्याच्या पलीकडे धावतात, असा त्याचा अभिप्राय. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिष्यांच्या त्या प्रश्नात वारसा आणि दोष यांची जी सांगड आहे, ती आजही रुग्णाच्या घरात पहिल्यांदा बोलली जाते. बापाला अपराधी वाटते की हे माझ्याकडून गेले. देणारा स्वतःच न मागता घेणारा होता, हे त्याला सांगूनही पटत नाही.

सर्वांत नेमकी मांडणी चरकसंहितेत सापडते. शारीरस्थानात प्रश्न येतो की आंधळ्या किंवा मुक्या आईबापांची मुले तशीच का होत नाहीत. गुरू आत्रेयाचे उत्तर असे, की बीजातला ज्या अवयवाचा भाग बिघडलेला असेल त्याच अवयवात विकृती येते; तो भाग बिघडलेला नसेल तर येत नाही. यात आजचे अनुवंशशास्त्र आधीच होते असे मानण्याचे कारण नाही. पण वारसा अख्ख्या माणसाचा नसून अंशाचा असतो, ही दृष्टी त्यात स्पष्ट आहे. विमानस्थानात त्याचा शिष्य अग्निवेश आणखी पुढे जातो: आयुष्याची मुदत ठरलेली असते की नसते? आत्रेय सांगतो की ती दैव आणि पुरुषकार यांच्या बलाबलावर अवलंबून आहे, आणि इथे दैव म्हणजे मागच्या देहात केलेले कर्म, पुरुषकार म्हणजे या देहातला प्रयत्न. सगळेच ठरलेले असते तर औषध, पथ्य, मंत्र यांना काही अर्थच उरला नसता. मग तो गाडीच्या आसाचा दृष्टांत देतो. चांगल्या लाकडाचा आस नीट हाकला तर त्याच्या स्वभावाप्रमाणे झिजून योग्य वेळी निकामी होतो; तोच आस अती ओझ्याने, खाचखळग्याच्या वाटेने, वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो.

हृदयाच्या सूक्ष्म वाहिन्यांत या दृष्टांताला नवा अर्थ येतो. एकाच जनुकबदलाचे दोन सख्खे भाऊ घ्यावेत. एकाची भिंत विशीत जाड होते, दुसऱ्याची सत्तरीतही होत नाही. फरक कोठून येतो याची काही कारणे कळतात: इतर जनुकांची साथ, रक्तदाब, वजन, वय. आईच्या पोटातली वाढ आणि निव्वळ योगायोग यांचाही वाटा असावा. म्हणून जनुकाला प्रारब्ध म्हणताना जपून बोलावे लागते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. साचलेल्या कर्मापैकी ज्याचे फळ भोगायला सुरुवात झाली ते वेगळे आणि ज्याची सुरुवात व्हायची आहे ते वेगळे, हा वेदान्तातला भेद टिळक तिथे ब्रह्मसूत्रांच्या आधाराने लावून धरतात. तो इथे आश्चर्यकारक रीतीने लागू पडतो. भिंत जाड नसलेल्या वाहकाकडे बदल आहे, पण त्याचे कार्य सुरू झालेले नाही, असे बरीच वर्षे मानले जाई. अलीकडच्या एमआरआय अभ्यासांत दिसते की अशा काही वाहकांतही सूक्ष्म वाहिन्यांतला प्रवाह कमी पडू लागलेला असतो आणि तंतूंची रचना विस्कटू लागलेली असते. आरब्ध (सुरू झालेले) आणि अनारब्ध (सुरू न झालेले) यांच्यातली रेघ म्हणजे भिंतीची जाडी नव्हे. ती त्याच्या कितीतरी आधी, वाहिन्यांच्या पातळीवर कुठेतरी ओलांडली जाते. नेमकी कोठे, यावर उपचार केव्हा सुरू करायचा हे अवलंबून आहे.

पुरुषकाराच्या बाजूलाही एक सापळा आहे आणि तो कर्मविपाकाइतकाच निर्दय ठरू शकतो. हृदयविकार म्हटला की तेल-तूप, सिगारेट, आळस, बैठे काम अशी झाडाझडती सुरू होते. पथ्य पाळले असते तर हे टळले असते, असे आजूबाजूचे सुचवत राहतात. पूर्वजन्मीच्या पापाची जागा या जन्मीच्या जीवनशैलीने घेतली, दोष रुग्णाच्याच पदरी राहिला. या आजारात भिंत रुग्णाच्या खाण्यापिण्याने जाड झालेली नसते. वजन आणि रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने फायदा होतो, पण त्यावरून आजार त्याच्या हलगर्जीपणाचा ठरत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, वेगवेगळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. कर्ता पाचांतला एक आहे. यशाचे सगळे श्रेय जसे त्याचे नाही, तसा अपयशाचा सगळा ठपकाही त्याच्यावर येत नाही.

उपचारांतही हे पाचही धागे दिसतात. बीटा-ब्लॉकर गोळ्या नाडी संथ करून दोन ठोक्यांमधला विसावा वाढवतात, म्हणजे सूक्ष्म वाहिन्यांना भरायला वेळ देतात. जाड पडद्यामुळे रक्ताची वाट अडत असेल तर शस्त्रक्रियेने पडद्याचा काही भाग काढता येतो, किंवा त्या भागाला रक्त देणाऱ्या लहान धमनीत अल्कोहोल सोडून तो आक्रसवता येतो. अचानक मृत्यूचा धोका मोठा असेल तर छातीत डिफिब्रिलेटर बसवतात. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मॅव्हाकॅम्टेन हे औषध थेट मायोसिनवर काम करते आणि त्याचा अतिउत्साह कमी करते. ते जास्त झाले तर पंपच दुबळा पडतो, म्हणून इको करत करत मात्रा ठरवावी लागते. जनुक तेच राहते, त्याचे फळ मात्र वाटेत बदलते. खेळाबाबतचा सल्लाही असाच बदलला आहे. पूर्वी निदान होताच स्पर्धात्मक खेळ सरसकट बंद केले जात. आता धोका मोजून, खेळाडू आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवण्याकडे कल आहे.

सर्वांत अवघड धर्मप्रश्न जाणण्याचा आहे. एका माणसाचे निदान होते तेव्हा त्याच्या भावंडांचे आणि मुलांचेही अर्धे निदान झालेले असते. ते त्यांना सांगणे हे कर्तव्य, की न जाणण्याचा त्यांचा हक्क मोठा? लग्न ठरायचे आहे, नोकरी लागायची आहे, विमा घ्यायचा आहे, अशा घरात ‘आत्ताच कशाला’ हे उत्तर नेहमीचे. पण हा आजार गप्प राहण्याची किंमत कधीकधी एका रात्रीत वसूल करतो आणि सांगण्याने निश्चित उपयोग होतो, म्हणून सांगण्याच्या बाजूने कौल द्यावा लागतो. मोठ्या माणसाने स्वतःची तपासणी करायची की नाही, हा मात्र त्याचाच निर्णय. रुग्णाच्या मुलांची दर एक-दोन वर्षांनी आणि प्रौढ नातेवाइकांची दर तीन ते पाच वर्षांनी इको व ईसीजी तपासणी करावी, असे सध्याचे मार्गदर्शन आहे. घराण्यातला बदल नक्की माहीत असेल आणि तो एखाद्याकडे नसेल, तर त्याला या फेऱ्यांतून मोकळे करता येते.

काही अहवालांत मात्र तिसरेच उत्तर येते: बदल सापडला, पण तो घातक की निरुपद्रवी ते आज सांगता येत नाही. न्यायदर्शनाने आपल्या सोळा पदार्थांत संशयाला स्वतंत्र जागा दिली, कारण जिथे संशय आहे तिथेच परीक्षेला प्रवृत्ती होते. अशा कुटुंबात त्या बदलाच्या आधारे कोणालाही वाहक ठरवत नाहीत की मोकळे करत नाहीत. सगळ्यांची इको तपासणी चालू ठेवतात आणि दर काही वर्षांनी तोच अहवाल नव्या माहितीच्या उजेडात पुन्हा वाचून घेतात.